कृतिसंशोधन फाईलपुरतं नको: तीन-चार शिक्षकांनी मिळून खरंखुरं कसं करायचं, टप्प्याटप्प्याने

बीएड-डीएडला सगळ्यांनीच कृतिसंशोधन (आपल्याच वर्गातली अडचण स्वतः तपासून, शिकवण्यात बदल करून काय होतं ते बघणं) केलेलं असतं, नंतर नोकरीत कधी डाएटकडून (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडून) मागणी येते, कधी निवडश्रेणीच्या (नोकरीतल्या वरच्या वेतनश्रेणीच्या) प्रशिक्षणात प्रकल्प म्हणून द्यावं लागतं, आणि मग ग्रुपवर "कुणाकडे तयार पीडीएफ आहे का" असे मेसेज सुरू होतात. त्या पीडीएफमध्ये चुकतं काय तर क्रमच उलटा असतो. आधी उपाय ठरलेला, मग त्याला शोभेल अशी समस्या, मग पूर्वचाचणीत कमी आणि उत्तरचाचणीत जास्त मार्क, आणि शेवटी "उपक्रम यशस्वी झाला". आणि "सहकार्याने" म्हणजे मुखपृष्ठावर चार नावं.

खाली जे लिहिलंय ते प्राथमिकच्या शिक्षकांना डोळ्यासमोर ठेवून आहे, एकाच केंद्रातल्या (जवळपासच्या शाळांच्या गटातल्या) तीन-चार शाळांमधले तिसरीचे वर्गशिक्षक असं समजा. उदाहरण सगळीकडे एकच घेतो, हातच्याची वजाबाकी. विषय तुमचा वेगळा असला तरी क्रम हाच.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: संशोधन मुलांवर नाही, आपल्या शिकवण्यावर आहे. मुलांच्या वह्या, चाचण्या, बोलणं हा आपल्या शिकवण्याबद्दलचा पुरावा. हे डोक्यात बसलं नाही तर पुढचे सगळे टप्पे वाकडे जातात.

टप्पा १: माणसं आणि कॅलेंडर

तीन जण उत्तम, चार चालतील, सहा नकोत. सहा झाले की भेटीची तारीखच ठरत नाही. सगळे एकाच इयत्तेला एकच विषय शिकवणारे असले तर वह्या शेजारी शेजारी ठेवता येतात. शाळा द्विशिक्षकी असेल तर त्याच शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना अर्धवेळ सोबती म्हणून घ्या, त्यांचं काम टप्पा ५ मध्ये येईल.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांना आधी सांगा, परवानगी तोंडी का होईना घ्या, पण एकमेकांच्या तासाच्या निरीक्षणाचे कागद वर जाणार नाहीत हेही त्याच वेळी बोलून घ्या. माझ्या मते हा मुद्दा सगळ्यात नाजूक आहे. आपल्या वर्गातली कच्ची बाजू आपण जोडीदाराला, म्हणजे गटातल्या दुसऱ्या शिक्षकाला दाखवणार आणि उद्या तीच शेऱ्यात दिसणार असेल तर कुणीच खरं दाखवणार नाही, मग सगळे आपापला आदर्श पाठ घेऊन बसतील.

कॅलेंडर काढा आणि त्यावर आधी काय काय होणार नाही ते खोडा. जूनचा प्रवेशोत्सव आणि पहिल्या चाचण्या, १५ ऑगस्टची तयारी, गणपती, सत्र परीक्षा, बीएलओचं (मतदारयादीचं) काम कुणाकडे असेल तर त्या तारखा. उरलेल्या दिवसांत साधारण आठ-नऊ आठवडे सलग मिळतील अशी जागा शोधा. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करून दिवाळीच्या सुट्टीआधी एक फेरी संपवायची असा हिशोब बहुतेक ठिकाणी जमतो, विदर्भात शाळा उशिरा उघडतात तर तिथे तेवढं पुढे सरकवा. डिसेंबर-जानेवारीत क्रीडास्पर्धा आणि गॅदरिंग, तेव्हा सुरू करू नका.

भेटीसाठी वेगळा दिवस काढायचा म्हटलं की काम बुडतं. केंद्रातल्या शिक्षकांची महिन्याची शिक्षण परिषद असतेच, त्याच दिवशी परिषद संपल्यावर तासभर थांबायचं ठरवा, आणि मधल्या आठवड्यांत एक फोनवरची बैठक, अर्ध्या तासाची.

> तपासा: चार भेटींच्या तारखा डायरीत लिहिल्या का? "बघू, ठरवू" असेल तर टप्पा २ ला जाऊ नका.

टप्पा २: प्रश्न लिहिणं

इथे सगळ्यात जास्त घसरतात. नेहमीची शीर्षकं बघा: "इयत्ता तिसरीच्या विद्यार्थ्यांना हातच्याची वजाबाकी येत नाही यासाठी खेळातून शिक्षण या उपक्रमाची परिणामकारकता". उपाय आधीच ठरला! आता वर्गात काहीही दिसलं तरी निष्कर्ष तोच निघणार.

दुसरी चूक म्हणजे जे आपल्या हातात नाही ते प्रश्नात घालणं. पालकांचं दुर्लक्ष, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं, गैरहजेरी, मोबाईल. हे खोटं आहे असं नाही, पण त्यावर तुम्ही उद्या सकाळी पहिल्या तासाला काय बदलणार?

प्रश्न "मी" किंवा "आम्ही" ने लिहा. "मी हातच्याची वजाबाकी शिकवतो तेव्हा मुलं नेमकी कुठे अडकतात, आणि माझ्या शिकवण्यातली कुठली गोष्ट त्याला कारण आहे?" एवढं पुरे. उपायाचं नाव त्यात नको.

लिहून झालं की जोडीदाराला द्या आणि त्याने तीन गोष्टी विचाराव्यात: यातलं काही तू स्वतः बदलू शकतोस का, सहा आठवड्यांत फरक दिसण्याइतकं हे लहान आहे का, आणि उत्तर आधीच माहीत आहे का? तिसऱ्याला "हो" आलं तर प्रश्न परत लिहा.

"गणिताची भीती घालवणे", "वाचन कौशल्य सुधारणे" असले आभाळाएवढे विषय घेऊ नका. वजाबाकीतला दशक सुटा करणं हा तुकडा लहान वाटतो पण तेवढ्यातच आठ आठवडे जातात, बघाच.

टप्पा ३: काहीही बदलण्याआधी नीट बघणं

उपक्रम सुरू करायची घाई सगळ्यांना असते. थांबा. आधी दोन आठवडे फक्त बघायचं, आणि तीन बाजूंनी.

*पहिली बाजू, चाचणी.* दहा उदाहरणं पुरेत. दोन बिनहातच्याची (नाहीतर मूळ वजाबाकीच येत नाही की हातच्याला अडतं हे कळणार कसं), चार हातच्याची, दोन एककात शून्य असलेली जसं ६० − ३४, आणि दोन शाब्दिक.

आता आकडे निवडताना एक खोच आहे ती सांगतो, कारण बहुतेक चाचण्या इथेच वाया जातात. समजा तुम्ही ५२ − २७ दिलं. एक मूल सरळ मोठ्या अंकातून लहान अंक काढतं: ७ मधून २ गेले ५, ५ मधून २ गेले ३, उत्तर ३५. दुसरं मूल दशक सुटा करतं, १२ मधून ७ गेले ५, पण दशकाच्या घरातला एक कमी करायला विसरतं, तिथे ५ मधून २ गेले ३. उत्तर परत ३५! दोघांचं उत्तर एकच, चूक पूर्ण वेगळी, आणि उपायही वेगळा लागणार. एककाच्या अंकांत फरक ५ चा असला की हे असं होतं. म्हणून ५४ − २६ द्या. पहिल्याचं उत्तर ३२ येईल, दुसऱ्याचं ३८, बरोबर उत्तर २८. तीन वेगळी उत्तरं, पेपर बघूनच चूक कळते. ६० − ३४ मध्ये पण तसंच, ३४ आलं तर उलटं वजा केलंय, ३६ आलं तर दशक कमी करायचा राहिलाय, ३० आलं तर "शून्यातून जात नाही म्हणून शून्य" असं काहीतरी डोक्यात आहे.

चाचणीचे दोन संच आत्ताच बनवा, सारख्याच अवघड पण आकडे वेगळे. एक आत्ता, एक शेवटी. तोच पेपर परत दिला तर उत्तरं पाठ झालेली असतात.

*दुसरी बाजू, मुलांशी बोलणं.* पाच-सहा मुलं निवडा, वेगवेगळ्या चुकांची, फक्त हुशार किंवा फक्त मागे पडणारी नकोत. एकेकाला जवळ बसवून "हे तू कसं केलंस मला सांग" एवढंच म्हणायचं आणि गप्प बसायचं. शिकवायचं नाही! हे फार जड जातं आपल्याला, मूल चुकलं की हात आपोआप खडूकडे जातो. म्हणून शक्य असेल तर तुमच्या वर्गातल्या मुलांशी जोडीदाराने बोलावं आणि त्याच्या वर्गातल्या मुलांशी तुम्ही.

*तिसरी बाजू, स्वतःचा एक तास.* नेहमीसारखाच घ्यायचा, खास तयारी नको. आवाज रेकॉर्ड करा, मोबाईल टेबलावर ठेवला की झालं. रात्री ऐकताना आपण किती वेळा "कळलं का?" म्हणतो आणि सगळा वर्ग "होऽऽ" म्हणतो ते ऐकू येईल.

> सावध: मुलांची नावं कुठेच नको, मु१, मु२ असे क्रमांक द्या आणि यादी एकाच माणसाकडे ठेवा. चुकलेल्या वहीचा फोटो नावासकट केंद्राच्या ग्रुपवर टाकू नका. रेकॉर्डिंग करतोय हे मुलांना सांगा, पालकांना पण कळवा. एखादं मूल बोलायला तयार नसेल तर सोडून द्या.

> तपासा: तिन्ही वर्गांचे पेपर, बोलण्याच्या नोंदी, आणि प्रत्येकाचं एक रेकॉर्डिंग हातात आहे का? एक जरी नसेल तर पुढची बैठक पुढे ढकला, अंदाजाने कारणं शोधू नका.

टप्पा ४: एकत्र बसून कारणं शोधणं

ही पहिली मोठी बैठक. मार्कांचे तक्ते आणू नका, पेपर आणा. तिन्ही वर्गांचे पेपर एकत्र मिसळा आणि चुकीप्रमाणे ढीग करा: उलटं वजा करणारे, दशक कमी न करणारे, शून्यापाशी थांबणारे, बेरीज करून टाकणारे, आणि एक "काही कळत नाही" ढीग. हा शेवटचा ढीग लपवू नका, या मुलांशी परत बोलायचंय.

ढीग झाले की प्रत्येक ढिगासमोर एकच प्रश्न, "मुलाने हे कुठून शिकलं असेल?" चर्चा पालकांवर किंवा "पहिलीत नीट शिकवलंच नाही" वर घसरायला लागली की कुणीतरी थांबवायचं, हे काम आधीच एकाला वाटून द्या.

उदाहरण बघा. उलटं वजा करणाऱ्यांचा ढीग सहसा जाड असतो. आपण पहिलीपासून काय सांगतो? "नेहमी मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची." तेव्हा ते चालून जातं. मूल तो नियम इमानदारीने पाळतं, फक्त संख्येऐवजी एकेका अंकाला लावतं. ४ मधून ६ जात नाहीत मग ६ मधून ४ काढले, बाईंनीच सांगितलंय. म्हणजे चूक आळसाची नाहीच, आपल्या वाक्याची आहे. दशक कमी न करणाऱ्यांचं बघितलं तर बऱ्याचदा असं निघतं की काड्यांचा गठ्ठा वर्गासमोर आपणच सोडून दाखवला, मुलांनी फक्त बघितला, आणि वहीत मात्र थेट उभी मांडणी. गठ्ठा सोडणं आणि अंक खोडणं यांची गाठ पडलीच नाही. हे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये पटकन ऐकू येतं, स्वतःच्यात येत नाही. तीन जण लागतात ते यासाठी.

कारण म्हणून जे लिहाल त्याच्यापुढे पुरावा लिहा, कुठला पेपर, कुणाचं कुठलं वाक्य. पुरावा नसेल तर तो अंदाज आहे, तसंच लिहा.

टप्पा ५: एकच बदल, आणि तो करताना बघणारं कुणीतरी

उत्साहात लोक खेळ, व्हिडिओ, गाणं, वर्कशीट, गटकार्य सगळं एकदम आणतात. मग फरक पडला तर कशामुळे ते कळत नाही, नाही पडला तरी कळत नाही. एक बदल. तो एका कागदावर, कुणी परका वाचून करू शकेल इतका स्पष्ट लिहा. जसं:

"आठवड्यात तीन दिवस, गणिताच्या तासातली पहिली २० मिनिटं. दोन मुलांत मिळून दहा-दहा काड्यांचे गठ्ठे आणि सुट्या काड्या. एकाने गठ्ठा सोडायचा, दुसऱ्याने त्याच क्षणी वहीत दशक खोडून एकने कमी लिहायचा. पुढच्या उदाहरणाला अदलाबदल. शिक्षक 'मोठ्यातून लहान' हे वाक्य वापरणार नाही, 'आपल्याकडे किती आहेत, किती द्यायचेत' असं म्हणेल. तीन आठवडे."

गठ्ठ्यांना रबरबँड आधीच मोजून लावा, काड्या कमी पडल्या की ती २० मिनिटं भांडणात जातात (आइसक्रीमच्या काड्या, खराट्याच्या काड्या, काहीही चालतं).

अर्ध्या वर्गाला उपाय द्यायचा आणि अर्ध्याला तुलनेसाठी ठेवायचं असं काही जण करतात, पुस्तकात वाचून. नको. आपल्या वर्गात तेवढी मुलंच नसतात की त्यातून काही सिद्ध होईल, आणि जे मुलांच्या भल्याचं वाटतं ते निम्म्यांपासून रोखून ठेवणंही बरोबर नाही.

आता निरीक्षण. दुसऱ्या शाळेतला जोडीदार शाळेच्या वेळात येणार कसा, हा खरा अडथळा आहे. तीन वाटा आहेत. त्याच शाळेतले दुसरे शिक्षक आपल्या वर्गाला लेखी काम देऊन २० मिनिटं येऊ शकतात. नाहीतर मोबाईल खिडकीत टेकवून व्हिडिओ, कॅमेरा मुलांच्या चेहऱ्यांकडे नाही तर बाकावरच्या हातांकडे आणि वह्यांकडे, आणि हा व्हिडिओ फक्त गटातल्यांनी बघून नंतर डिलीट करायचा. किंवा शाळा जवळजवळ असतील तर मुख्याध्यापकांशी बोलून तीन आठवड्यांत एकदाच प्रत्यक्ष भेट. एकदा झाली तरी खूप.

बघणाऱ्याने काय लिहायचं ते आधी ठरवा. कागदाचे दोन भाग करा, डावीकडे दिसलं ते, उजवीकडे वाटलं ते. "मुलं आनंदाने सहभागी झाली" हे वाटलेलं आहे. "तिसऱ्या बाकावरच्या मुलीने गठ्ठा सोडला पण वहीत दशक खोडला नाही, शेजाऱ्याने सांगितल्यावर खोडला" हे दिसलेलं. डावी बाजू भरली पाहिजे, उजवी रिकामी राहिली तरी चालेल. आणि तास संपल्यावर लगेच "छान झाला हो सर" म्हणून मोकळं व्हायचं नाही, डावी बाजू वाचून दाखवायची आणि शिकवणाऱ्याने आधी बोलायचं.

शिकवणाऱ्याने रोज चार-पाच ओळी लिहायच्या, त्याच दिवशी. काय झालं, काय ठरल्यासारखं झालं नाही, कोण गैरहजर. आठवडाभराचं रविवारी बसून लिहिलं की सगळे दिवस सारखेच दिसतात.

> सावध: ठरलेला बदल मध्येच स्वतःच्या मनाने बदलू नका. बदलावाच लागला तर गटाला कळवा आणि डायरीत तारीख टाका.

टप्पा ६: मध्येच थांबून बघणं

दीड आठवड्यानंतर फोनवरची बैठक. अजेंडा छोटा: काय दिसतंय, आणि चालू ठेवायचं, थोडं बदलायचं की सोडायचं? सोडणं हाही निकाल आहे. समजा एका वर्गात जोड्या चालल्याच नाहीत, एकच मूल दोघांचं काम करतंय, तर तिथे अदलाबदल सक्तीची करायची का ते ठरवा. तिन्ही वर्गांत एकसारखंच झालं पाहिजे असा हट्ट नको, फक्त कुठे काय वेगळं केलं ते लिहून ठेवा.

टप्पा ७: आकडे वाचणं

दुसरा संच द्या आणि परत ढीग करा, टप्पा ४ सारखेच. आधीचे ढीग आणि आत्ताचे ढीग शेजारी ठेवले की जे दिसतं ते सरासरीत दिसत नाही. सरासरी ४ वरून ६ वर गेली म्हणजे काय? कदाचित जी मुलं आधीच ७ ला होती ती १० वर गेली आणि तळातली पाच तिथेच बसलीत. म्हणून प्रत्येक मुलाची ओळ बघा, आधी कुठल्या ढिगात होतं, आता कुठे.

दोन्ही चाचण्यांना हजर होती तेवढीच मुलं तुलनेत घ्या. टक्केवारी टाळा, वर्गात १८ मुलं असताना "३८.८९ टक्के" लिहिणं हास्यास्पद दिसतं, "१८ पैकी ७" लिहा. टी-मूल्य वगैरे संख्याशास्त्रातलं काही काढायची गरज नाही, कुणी मागितलंच तर बघू.

ज्या पाच-सहा मुलांशी आधी बोलला होतात त्यांच्याशी परत बोला. उत्तर बरोबर येतंय पण "काड्या नसतील तर?" विचारल्यावर काय म्हणतात? इथे बऱ्याचदा खरी गंमत कळते. काही मुलं काड्यांवर अचूक आणि वहीत परत उलटी, म्हणजे गाठ अजून पडलेली नाही.

आणि फरक पडला तर लगेच श्रेय घेऊ नका. या तीन आठवड्यांत सरावच जास्त झाला का? घरी कुणी शिकवलं? सत्र परीक्षा जवळ आली म्हणून? ही दुसरी कारणं गटातल्या एकाने मुद्दाम मांडायची, भांडखोर वाटलं तरी चालेल.

> तपासा: चार आठवड्यांनी परत पाच उदाहरणं द्यायची तारीख ठरली का? लगेच घेतलेल्या चाचणीत सगळंच येतं.

टप्पा ८: लिहिणं

आधी आपल्या भाषेत लिहा, चार पानं: आम्हाला काय वाटत होतं, काय दिसलं, काय बदललं, काय झालं, काय नाही झालं. मग लागत असेल तर तेच ठराविक साच्यात घाला, गरज व महत्त्व, उद्दिष्टे, कृतिपरिकल्पना (काय केलं तर काय होईल याचा अंदाज), कार्यवाही, निष्कर्ष, शिफारशी. साच्यापासून सुरुवात केली की भाषा आपोआप "सदर संशोधनातून असे निदर्शनास येते" अशी होते आणि खरं काय झालं ते त्यात बुडतं. पीडीएफ उचलून नावं बदलणाऱ्यांबद्दल जास्त बोलत नाही, त्यात दुसऱ्याच तालुक्यातलं गाव पान १४ वर तसंच राहिलेलं सापडतं.

जे जमलं नाही ते लिहाच. "शून्यापाशी थांबणाऱ्या मुलांना या बदलाचा उपयोग झाला नाही" हे वाक्य पुढच्या शिक्षकासाठी सगळ्यात उपयोगी आहे. शिफारशींमध्ये "शासनाने साहित्य पुरवावे" लिहायचा मोह आवरा, तुम्ही स्वतः पुढच्या सत्रात काय वेगळं करणार ते लिहा. कुणी काय काम केलं ते नावापुढे एकेक ओळीत टाका, म्हणजे चार नावं असतील तर चारांची कामं दिसतील.

शिक्षण परिषदेत मांडायचं असेल तर पीपीटी नको. दहा पेपर झेरॉक्स करून (नावं काढून) समोरच्यांना द्या आणि ढीग करायला सांगा, वीस मिनिटांत सगळे तुमच्यापेक्षा जास्त बोलायला लागतील.

दुसरी फेरी दिवाळीनंतर, आणि तिचा प्रश्न पहिल्या फेरीतल्या उरलेल्या ढिगातून घ्या. आपल्या उदाहरणात तो बहुधा शून्याचा असेल, ५०३ − २४७ सारख्या उदाहरणांचा, तिथे दशकाच्या घरात सुटं करायला काहीच नसतं आणि मुलं ३४४, ३५६, २४६ अशी वेगवेगळी उत्तरं काढतात. प्रत्येक उत्तर कसं आलं असेल ते पहिल्या बैठकीआधी तिघांनी आपापल्या वहीत सोडवून आणायचं.